‘सदैव प्रसन्न राहा’ म्हणे!

सकाळी सातला फॅमिली ग्रुपवर गुलाबाचं फूल येतं आणि त्याखाली हुकूम असतो: सदैव प्रसन्न राहा. नोकरीच्या जाहिरातीत ‘प्रसन्न व्यक्तिमत्त्व’ हवं असतं. लग्नाच्या बायोडेटात मुलगी हसतमुख असावी लागते. कुणी जरा गप्प दिसलं की आपण लगेच म्हणतो, ‘अरे, चेहरा प्रसन्न ठेव की!’ एका चांगल्या शब्दाची आपण अशी सक्ती करून टाकली आहे. ती सक्ती सगळ्यात जास्त जाचते, ते आधीच पिचलेल्या माणसाला.

मुळात प्रसन्न म्हणजे हसरा नव्हे. ‘सद्’ म्हणजे बसणं. त्याला ‘प्र’ लागून प्रसन्न झालं: गाळ खाली बसून निवळलेलं. वाल्मीकींनी रामायणाच्या सुरुवातीला तमसा नदीचं पाणी प्रसन्न म्हटलंय, आणि त्याला उपमा दिलीय सज्जनाच्या मनाची. त्याच ‘सद्’ला ‘वि’ लागला की विषण्ण होतं, विषाद होतो. म्हणजे हे दोन्ही शब्द सख्खे भाऊ आहेत. गढूळ पाण्याला ‘निवळ’ असं दरडावून ते निवळत नाही. ते ढवळणारा हात आधी थांबवावा लागतो.

हा हात कसा थांबवायचा, ते सांगणारी गोष्ट विदर्भातच आहे. नागपूरहून वर्ध्याला जाताना केळझर लागतं. तिथलं सिद्धिविनायकाचं देऊळ विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं तिथली परंपरा मानते. इतिहास म्हणून नका घेऊ, गोष्ट म्हणून घ्या.

एकचक्रेत बकासुराला गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस द्यावा लागे. घरागणिक पाळी ठरलेली. पांडव ज्या घरात राहत होते, त्या घराची पाळी आली. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. तेवढ्यात बोबडं बोलणारं धाकटं पोर गवताची काडी उचलतं आणि म्हणतं, हिनेच मारतो राक्षसाला! त्या रडारडीतही सगळ्यांना हसू येतं. ते हसू खरं होतं, कारण कुणी मागितलं नव्हतं.

त्या घरातलं रडणं कुंतीने ऐकलं होतं. ‘प्रसन्न राहा, सगळं ठीक होईल’ असं म्हणून ती खोलीत परत गेली नाही. तिने विचारलं, काय झालंय? मग स्वतःचा मुलगा पाठवला. एकचक्रेचं मन निवळलं ते बकासुर मेल्यावर.

आता त्याच वर्धा जिल्ह्याकडे बघा. २००६मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या शेतकरी-आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत वर्धा होता. कापसाचा भाव, बियाण्याची उधारी, रुसलेला पाऊस हे सगळं ज्याच्या मनात रोज ढवळलं जातंय, त्याला ‘पॉझिटिव्ह विचार कर’ सांगणं म्हणजे बकासुर तसाच ठेवून गाड्याला फुलं बांधणं.

कुणी म्हणेल, मन प्रसन्न करायला तुकोबांनीच नाही का सांगितलं? सांगितलं. पण त्यांनी मनाबद्दल सांगितलं, चेहऱ्याबद्दल नाही. दुष्काळात पहिली बायको गेली, दिवाळं निघालं, ते त्यांनी लपवलं नाही. अभंगांतून उघड मांडलं. गाळ आहे हे कबूल केल्याशिवाय तो बसणार कसा?

आपण वापर कसा उलटा केलाय पाहा. लग्नपत्रिकेवर ‘श्री गणेश प्रसन्न’ छापतो, तेव्हा देवाला दम देत नाही. तो प्रसन्न व्हावा म्हणून आपण काहीतरी करतो, निदान दुर्वा तरी वाहतो. माणसाच्या बाबतीत मात्र काहीच करायचं नाही, नुसतं फर्मान काढायचं.

म्हणून मित्रांनो, उद्या कुणाचा चेहरा उतरलेला दिसला तर गुलाबाचं फूल पाठवू नका. फोन करा. ‘काय झालंय?’ विचारा, आणि उत्तर लांबलं तरी ऐका. उधारी असेल, परीक्षा असेल, घरातलं भांडण असेल. त्यातलं काय आपल्याला उचलता येईल ते बघा. ते उचललंत, तर ‘प्रसन्न राहा’ म्हणायची वेळ बहुतेक येणार नाही.