लकव्याच्या माणसाला सुई नको, गाडी हवी



आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर या आठवड्यात तो जुना संदेश पुन्हा फिरला. लकवा मारला की सुई तापवून दहाही बोटांना टोचा, रक्ताचा थेंब काढा, तोंड वाकडे झाले असेल तर कानाच्या पाळ्यांनाही टोचा, आणि तोवर माणसाला जागचा हलवू नका. खाली शिकल्यासवरल्या पोरांनीही हात जोडलेले. सुईने बोटाला भोक पडते, मेंदूतली गुठळी जागची ढळत नाही. पण खरा घात शेवटच्या वाक्यात आहे. लकव्याच्या माणसाला हलवायचे नाही, तर मग करायचे काय? त्याला तर तिथल्या तिथे गाडीत घालायला हवे!

साडेचार तास. हा आकडा जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला पाठ असला पाहिजे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन लक्षण सुरू झाल्यापासून एवढ्याच वेळात देता येते, आणि त्यातही जितके लवकर तितका गुण जास्त. उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. काहींच्या मेंदूत गुठळी नसते, रक्तस्राव असतो. त्यांना हे इंजेक्शन दिले तर जीव जाऊ शकतो. म्हणून आधी सीटी स्कॅन लागतोच. म्हणूनच घरात कुणी शहाणपणाने ॲस्पिरिन देऊ नये, पाणीही पाजू नये, कारण गिळता येत नसेल तर घोट फुप्फुसात जातो. तोंड एका बाजूला ओढले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, की घड्याळ पाहायचे आणि १०८ लावायचा.

आता आपल्याकडे हे तास कसे जातात ते पाहा. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून आधी तेलाची मालीश. मग कुणीतरी कबुतराचे रक्त चोळायला सांगतो. मग गावातल्या डॉक्टरकडे सलाइन. मग जवळचे रुग्णालय, तिथे स्कॅन नाही, ‘पुढं न्या’. पुढे पोहोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आलेला असतो आणि इंजेक्शनची वेळ उलटून गेलेली असते. आमच्या शेजारच्या काकांचा उजवा हात एका संध्याकाळी लुळा पडला, बोलणे बोबडे झाले, आणि थोड्या वेळात सगळे आपोआप ठीक झाले. घरच्यांनी देवाला नारळ फोडला. तो इशारा होता. असा झटका येऊन गेल्यावर पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. दुसऱ्याच दिवशी काका पडले, ते आजही अंथरुणावर आहेत. पासष्टीचा धडधाकट शेतकरी.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीवर आणि आरोग्य केंद्रावर ठळक अक्षरांत फलक लावा: रात्री दोन वाजता सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन या गावाला सर्वांत जवळ कुठे मिळेल. आष्टीच्या माणसाला अहिल्यानगर जवळ, अंबाजोगाईच्या दवाखान्याचा पत्ता त्याच्या काय कामाचा? अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आपल्या जिल्ह्यात आहे, असे आपण पन्नास वर्षे छाती फुगवून सांगतो. मग त्याच जिल्ह्यातल्या खेड्याला लकव्याची वेळ माहीत नसावी, याची लाज वाटायला हवी. वाढदिवसाच्या फ्लेक्सला चौकाचौकात जागा मिळते. या फलकालाही मिळेल.

आणि जाता जाता ऊसतोड कामगारांचे. लकव्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. तो गोळीने आटोक्यात राहतो, पण गोळी रोज घेतली तरच. गावातल्या आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. दसरा उलटला की कोयते निघतात, कोल्हापूर, सांगली, थेट कर्नाटकपर्यंत, आणि साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने फडात. नेलेल्या गोळ्या संपल्या की संपल्या. खाडा करून नव्या आणायला जाणार कोण, उचल फिटायची असते! त्यात भल्या पहाटेपासून मोळ्या, भाकरीला मिठाचा ठेचा, बायकांना मिश्री आणि गड्यांना तंबाखू. टोळीत कोण कोण आहे याची नोंद मुकादमाकडे असते. टोळीने गाव सोडण्याआधी ती नोंद आरोग्य केंद्राकडे गेली पाहिजे, ज्यांना रक्तदाब आहे त्यांना पूर्ण हंगामाच्या गोळ्या बांधून दिल्या पाहिजेत, आणि फडावर महिन्यातून एकदा रक्तदाब मोजायची जबाबदारी कारखान्यावर टाकली पाहिजे. यंदाचे कोयते निघण्याआधी हे व्हावे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी या पत्राला याच सदरात उत्तर द्यावे.

— एक निवृत्त शिक्षक, ता. केज, जि. बीड