तिला तहान लागली होती

माझे धाकटे दीर २०१९ च्या श्रावणात हृदयविकारानं गेले. घरातली थोरली सून मी, त्यात तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली. तरी जावेच्या बांगड्या फोडल्या तेव्हा तिचं मनगट मीच धरलं होतं. माझे डोळे वाहत होते. सोप्यात जमलेली प्रत्येक बाई रडत होती आणि रडत रडतच आम्ही तिचं कुंकू पुसलं, बोटांतली जोडवी काढली.

तेव्हापासून "मला फार वाईट वाटलं" या शब्दांवर माझा भरवसा उरलेला नाही. वाईट आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं, अगदी मनापासून. पण तिच्यासाठी त्यातून काय झालं?

४ मे २०२२ ला आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यामागे करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांचा आग्रह होता. आपल्या पश्चात पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असं त्यांनी स्वतः स्टँपपेपरवर लिहून ठेवलं होतं. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढलं आणि इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडसारखं पाऊल उचलावं असं सांगितलं. मला या माणसांचा फार आदर वाटतो. हळहळ त्यांनाही वाटली असेल, पण त्यांनी ती ठरावाच्या वहीत उतरवली.

या ठरावाच्या बातमीचं कात्रण मी जावेला वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "अक्का, त्या दिवशी मला तहान लागली होती. सकाळपासून घोटभर पाणी नव्हतं पोटात. दोनदा मागितलं. कुणीतरी म्हणालं, तिला रडू दे, मन मोकळं होऊ दे."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. मला ऐकू आलं नाही. खरं तर मी ऐकतच नव्हते, तिचं दुःख कसं असेल याचा माझ्या मनाशी विचार करत होते. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा, असं मी वर्गात मुलांना शिकवलं. त्यातली चूक मला तेव्हा उमगली. तिच्या जागी मी स्वतःलाच नेऊन बसवलं होतं. मग ती कुठे उरली?

पहिल्या संक्रांतीला मी तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तिला त्रास होईल, असं मीच ठरवलं. हेरवाडनंतरच्या संक्रांतीला मोठ्या उमाळ्यानं करंडा घेऊन तिच्यापुढे गेले, तेव्हा ती मागे सरली. "मला विचारलंस का?" एवढंच बोलली. आधी परंपरेपायी आणि मग सुधारणेपायी, दोन्ही वेळा तिच्या कपाळाचा निर्णय मी परस्पर घेतला होता. ठरावानं जबरदस्ती थांबते आणि ती थांबायलाच हवी. पण या बाईला आज काय हवंय, हे विचारण्याचं काम कुठली ग्रामपंचायत आपल्यासाठी करणार नाही. ते घरातल्यांनीच करायचं, आणि उत्तर आपल्याला आवडलं नाही तरी मानायचं. मला हे वयाच्या साठीनंतर कळलं, याची खंत वाटते.

करंडा खाली ठेवून मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं. तिनं बराच वेळ घेतला. मग म्हणाली, कुंकू नको, ते त्यांच्याबरोबर गेलं. बांगड्या मात्र हव्यात, हिरव्या, काचेच्या. हात मोकळे बघवत नाहीत.

आम्ही बाजारात गेलो. कासारमामांना मीच सांगितलं, हिचं माप अडीच. त्यांनी तिचा पंजा हातात घेतला, हलकेच दाबून पाहिला आणि सव्वादोनच्या काढल्या.