‘ढ’ म्हणून सोडू नका

पाचवीतले मूल अजून अडखळत वाचते, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळते, तोंडी सगळे सांगते पण वहीत उतरवता येत नाही. अशा मुलाबद्दल आपल्या वस्तीतल्या पालकांना शाळेत ठरलेले उत्तर मिळते: घरी कोणी अभ्यास घेत नाही. आई धुण्याभांड्याला, वडील सातपूर-अंबडला ठेक्यावर, म्हणून दोष घराचा. हेच बंगल्यातल्या मुलाचे झाले तर त्याला तज्ज्ञाकडे नेतात. आमचा राग या फरकावर आहे.

डोळे आणि कान तपासून घ्या. तिथे दोष नसेल, तर ही अध्ययन अक्षमता असू शकते. यात बुद्धी कमी नसते. अक्षर आणि आवाज यांची सांगड मेंदूला लवकर जमत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरले, तर १८ वर्षांपर्यंत पुस्तके आणि साहाय्यक साधने मोफत देण्याची जबाबदारी कलम १७ ने सरकारवर टाकली आहे.

साधन म्हटले की महागडे यंत्र डोळ्यांसमोर येते. पण सुरुवात घरातल्या फोनवर होते. गूगल लेन्सने पुस्तकाच्या पानाचा फोटो काढा, फोन धडा वाचून दाखवतो. कीबोर्डवरच्या माइकला हात लावून मूल मराठीत बोलले की अक्षरे उमटतात. चुका होतात, विशेषतः आपल्या बोलीत. त्या मुलासोबत बसून दुरुस्त करा. फोनने मूल आळशी होईल, असे काही शिक्षक म्हणतात. चष्म्याने डोळे आळशी होतात का? शिवाय ऐकून धडा समजला, तरी वाचनाचा सराव चालूच ठेवायचा आहे.

खरी अडचण वेगळीच. फोन एकच, आणि तो वडिलांबरोबर रात्रीच घरी येतो. म्हणून विहारातल्या अभ्यासिकेत एखादा जुना स्मार्टफोन आणि इयरफोन ठेवावा, असे आम्हाला वाटते. वर्गणीतून हे सहज होईल.

प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरता येतो. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. ‘अपंग’ शिक्का बसेल म्हणून मागे हटू नका. दहावीच्या परीक्षेत फोन चालत नाही, पण प्रमाणपत्र असेल तर लेखनिक आणि तासाला २० मिनिटे जादा मिळतात. त्यासाठीचा अर्ज शाळेमार्फत जातो, तेव्हा मूल नववीत असतानाच मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या.