ओल्या कागदावरचा देह

नग्न देहाचे चित्र अश्लील आहे का, याचा वाद आपल्याकडे चित्रात काय दिसते एवढ्यावरच चालतो. ते कसे रेखाटले आहे याकडे फारसे कोणी पाहत नाही. खरा निवाडा मात्र तिथेच होतो, आणि शाई व जलरंगातले देहाभ्यास त्याची सर्वांत स्पष्ट साक्ष देतात. तैलरंगात थरावर थर चढवून चूक झाकता येते. पक्क्या शाईची रेष वाळली की ती पुसता येत नाही. ओल्या कागदावर टेकलेला रंग कुठवर पसरेल, हे बरेचसे पाणीच ठरवते. उजेड हवा असेल तिथे कागद आधीपासून कोरा राखावा लागतो. त्यामुळे खांद्याचा ताण, एका पायावर आलेला भार, वाकलेला कणा हे सारे चित्रकाराने किती लक्ष देऊन पाहिले, ते लपत नाही. शिल्पकार ऑगस्त रोदँने १९०६ साली फ्रान्सला आलेल्या कंबोडियन नर्तकींची सुमारे दीडशे चित्रे केली. कागदाकडे न बघता पेन्सिलीने रेष ओढायची आणि मग पातळ जलरंग सोडायचा, ही त्याची रीत. नग्न मॉडेलही त्याने अशीच रेखाटली. रंग रेषेबाहेर जातो, बोटे अर्धवट राहतात, पण देहाचा तोल कुठेही सुटत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. देह मोडून-वाकवून दाखवण्यात पुरुष चित्रकाराची सत्ता असते आणि मॉडेल बाई मुकीच राहते, असे म्हटले जाते. ते पुष्कळदा खरेही असते. ‘अभिव्यक्ती’ म्हटल्याने कोणाचा आळस किंवा हाव माफ होत नाही. पण हा दोष ओळखायलासुद्धा चित्र समोर असावे लागते. १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनातल्या ‘लव्हर्स’ या चित्रांसाठी चित्रकार अकबर पदमसींवर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. तरीही सत्तर वर्षांनी सीमाशुल्क विभागाने त्यांच्या आणि चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांच्या सात कलाकृती अश्लील ठरवून जप्त करण्याचा आदेश काढला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते हे पुन्हा सांगावे लागले. न्यायालयाने चित्रे वाचवली. ती बघण्याची सवय लावणे हे कलाशाळांचे आणि कलादालनांचे काम आहे. मॉडेलची संमती घेऊन आणि तिला रास्त मोबदला देऊन शाई-जलरंगातले हे देहाभ्यास वार्षिक प्रदर्शनांच्या मुख्य भिंतीवर लावले पाहिजेत, डाग आणि ओघळांसकट.