मोकळे सोडलेले पाय

परवा बोईसरला भाच्याने टाकीचा अलार्म बनवला. टाकी वाहायला लागली तरी बझर गप्प, हात जवळ नेला की बोंबलायचा! "मामा, मला नाही जमत," म्हणून स्वारी रुसली. बघतो तर ४०११ च्या नॅंड गेटचा एक इनपुट हवेत...

जुन्या ७४ मालिकेतल्या टीटीएल आयसीत मोकळा इनपुट बहुधा १ धरला जातो. सीमॉसचा इनपुट जवळजवळ करंटच घेत नाही, म्हणून घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झही पकडतो. तो प्लसला जोडला, न वापरलेल्या दोन गेट्सचे इनपुट ग्राउंडला. त्यांचे आउटपुट मात्र मोकळेच. वाजला!

माझं मत विचाराल तर आकृतीत न वापरलेले पायही दाखवावेत. आपण ते गाळतो आणि पोरं स्वतःला ढ समजतात. असो.