घरात मोठं माणूस होतं की!

मागे आपल्या वाङ्मय मंडळाच्या गप्पांत हॉस्टेलचा विषय निघाला आणि नेहमीचं वाक्य आलंच: लक्ष ठेवायला मोठं माणूस असलं की पोरं बिघडत नाहीत. मी तेव्हा गप्प बसले. पण अमेरिकेतल्या एका घराबद्दल मी सुट्टीत बरंच वाचलं होतं, आणि त्या घरात मोठं माणूस होतं.

घर पेन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या 'बीटा थीटा पाय' या फ्रॅटर्निटीचं. फ्रॅटर्निटी म्हणजे आपलं मंडळही नव्हे आणि हॉस्टेलही नव्हे. कॉलेजातल्या मुलांनी एकमेकांना 'भाऊ' मानायची संघटना, ग्रीक अक्षरांचं नाव, बऱ्याचदा स्वतःचं घर, आणि त्या घराची मालकी पुष्कळदा माजी सभासदांकडे. नव्या मुलाला आत घ्यायचं तर आधी त्याला छळायचं. तिकडे त्याला हेझिंग म्हणतात, आपण रॅगिंग म्हणतो. आपल्याकडे हॉस्टेलात खोली मिळाली की रॅगिंग नशिबी येतं. तिथे मुलगा स्वतःहून दार वाजवतो. म्हणून तर 'तो आपखुशीने आला होता' हा बचाव इतका सोपा.

२ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री एकोणीस वर्षांच्या टिमथी पियाझाला त्या घरात दीड तासाच्या आत दारूचे अठरा पेले पाजले गेले. तिथे एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय दारू चालत नाही, आणि कागदोपत्री तर त्या घरात दारूला बंदीच होती. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. मुलांनी उचलून सोफ्यावर टाकला. एक नवा सभासद म्हणाला, याला दवाखान्यात न्यायला हवं. त्याला ढकलून गप्प केलं. ॲम्ब्युलन्ससाठी फोन गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, जवळजवळ बारा तासांनी. ४ तारखेला टिमथी गेला.

हे सगळं इतकं बारकाईने माहीत आहे, कारण घरात कॅमेरे होते. कॅमेऱ्यांनी सगळं पाहिलं. आणि एक प्रौढ सल्लागारही त्याच घरात राहायला होते, विद्यापीठाच्या फुटबॉल संघाकडे नोकरीला असलेले. त्या रात्री ते घरात होते. त्यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही, मीही ठेवत नाही. माझं म्हणणं एवढंच, की नियम होता, कॅमेरा होता, मोठं माणूस होतं, आणि तरी बारा तास कुणी फोन उचलला नाही.

असं का होतं? मला वाटतं, तिथे लक्ष ठेवणारे पुष्कळ आणि उत्तर देणारा कुणीच नाही. विद्यापीठ म्हणतं, घर आमचं नाही. मध्यवर्ती संघटना म्हणते, आमचे नियम मुलांनी मोडले. विमा कंपनी म्हणते, नियम मोडले ना, मग भरपाई नाही. उरतात ती वीस-एकवीस वर्षांची पोरं आणि त्यांचे आईबाप. आरोप सुरुवातीला अठरा जणांवर ठेवले गेले. शेवटच्या दोघांना शिक्षा झाली २०२४ मध्ये, तीही काही महिन्यांची.

आणखी एक गंमत (गंमत कसली!). मुलींच्या अशाच संघटनांच्या घरांत दारू चालत नाही, हा त्यांच्या मध्यवर्ती संघटनांचा नियम. म्हणून पार्टी नेहमी मुलांच्या घरी. म्हणजे दार, पेला आणि जिना, सगळं मुलांच्या ताब्यात. आपल्याकडे मुलींच्या हॉस्टेलचं फाटक सातला बंद होतं आणि मुलांचं कधी बंद होतं ते कुणी विचारत नाही, त्याचीच ही बहीण.

काही मित्र म्हणतील, एकोणीस वर्षांचा मुलगा मतदान करतो, त्याच्यावर पहारा कशाला? मलाही पहारा नको. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये टिमथीच्या नावाने कायदा केला. त्यातलं एक कलम मला पहाऱ्यापेक्षा शहाणं वाटतं: अडचणीत असलेल्यासाठी जो मदत बोलावेल आणि त्याच्याजवळ थांबेल, त्याला काही गुन्ह्यांतून सूट. शिवाय कुठल्या संघटनेत काय झालं याची यादी कॉलेजने जाहीर करायची. २०२४ च्या डिसेंबरमध्ये असा एक कायदा सगळ्या देशासाठी झाला. प्रवेश घेण्याआधी आईबापांना वाचता यावं, एवढं तरी झालं.

आपल्याकडे यूजीसीचे नियम २००९ पासून आहेत, गोव्याचा कायदा २००८ चा. दरवर्षी आपण आणि आपले पालक प्रतिज्ञापत्र देतो. मीही दरवर्षी दिलं. एकदाही नीट वाचलं नाही.

आता हॉस्टेलचं सांगते. कुठलं ते राहू दे. मी दुसऱ्या वर्षाला होते. रात्री जेवणानंतर सीनियर मुलींनी नव्या मुलींना 'इंट्रो'ला बोलावलं. खेड्यातून आलेली एक मुलगी होती. तिला तासभर उभं करून इंग्रजीत बोलायला लावलं. ती अडखळली की सगळ्या हसायच्या. मी पलंगावर बसले होते. मी काही विचारलं नाही, काही बोलले नाही. हसले मात्र. वॉर्डन सिस्टरांची खोली बरोबर खालच्या मजल्यावर, खिडकीत दिवा होता. त्यांनी ऐकलं नसेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी विचारलं, "सगळं ठीक ना गं?" आम्ही एका सुरात "हो सिस्टर" म्हटलं. त्या मुलीनेही म्हटलं. सिस्टर पुढच्या टेबलाकडे गेल्या.

मिस्साच्या सुरुवातीला आपण केलेल्या पापांबरोबर, करायला हवं होतं आणि केलं नाही त्याचीही कबुली देतो. त्या रविवारी मी ती दिली, सगळ्यांबरोबर, पाठ असल्यासारखी. त्या मुलीला मात्र मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा जूनमध्ये 'इंट्रो' झाली तेव्हा पलंगावर बसलेल्यांत तीही होती.