चर्चच्या हॉलची किल्ली कुणाकडे?

चर्चने वस्तीसाठी काय करावे हा चर्चच्या माणसांनी आपसात बोलायचा प्रश्न आहे, असे आपण धरून चालतो. मला वाटते, तो आपल्या संघटनांनीही विचारायला हवा. कारण साधे आहे. मीरा-भाईंदरसारख्या शहरात बायकांना निवांत एकत्र बसायला जागा नाही, आणि चर्चकडे ती आहे.

नवघरचेच पाहू. मिठागरांच्या काठचे हे आगरी वस्तीचे गाव १९८५ साली शेजारच्या ग्रामपंचायतींबरोबर नगरपालिकेत गेले आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती आठ लाखांच्या वर गेली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेली ही माणसे. बाई पहाटेची लोकल पकडते, नाहीतर इमारतींमधून धुणीभांडी करते, नाहीतर घरी बसून इमिटेशन दागिन्यांचे मणी ओवते. माहेर लांब. भाड्याच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा, म्हणजे शेजारही दरवर्षी नवा. रात्री मार खाल्लेल्या बाईने दार कुणाचे ठोठवायचे?

अशा ठिकाणी चर्चचे स्थान वेगळे आहे. जुने कॅथलिक धर्मग्राम असोत की गाळ्यात भरणारी मराठी, हिंदी, तमिळ प्रार्थनासभा असो, माणसे दर आठवड्याला एकमेकांना भेटतात. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचे काम सुटले, हे फादरना किंवा पाळकांना वॉर्ड ऑफिसच्या आधी कळते. मग सेवा सुरू होते: नाताळला धान्याची पिशवी, जूनमध्ये वह्या, एखादे आरोग्य शिबिर. मी याची थट्टा करत नाही, वह्या लागतातच. पण ही गरज ठरवली कोणी? बहुतेक वेळा चार-पाच पुरुषांच्या समितीने, टेबलाभोवती बसून.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला गरजांची पाहणी शिकवतात. छापील फॉर्म, चाळीस प्रश्न, शेवटी सही. नवघरमध्ये तो फॉर्म घेऊन गेलात तर पहिल्या भेटीत एकच उत्तर मिळेल, ‘सगळं ठीक आहे.’ रविवारी प्रार्थनेनंतर विचारलेत तर उत्तर नवरा देईल, कारण सहा दिवस कामाला जाणाऱ्या बाईचा रविवार आठवड्याचे धुणे आणि दळण यात जातो. दुपारी दोन-अडीचला, हातातले मणी न थांबवता ती बोलू शकेल अशा वेळी जावे लागते. सासू शेजारी नसताना. पाणी किती वाजता येते इथपासून सुरुवात करावी लागते. तिसऱ्या-चौथ्या भेटीत पाळणाघराची गोष्ट निघते, रेशन कार्डावरच्या नावाची निघते, आणि अगदी शेवटी, आवाज खाली आणून, घरातल्या मारहाणीची. आणि हे विचारणे चर्चच्या यादीतल्या घरांपुरते ठेवून चालणार नाही. पाण्याच्या रांगेत कुणी कुठल्या देवाला मानते ते लिहिलेले नसते.

मारहाणीपाशी मात्र चर्चची सेवा अडखळते. ‘क्रूस वाहा’, ‘प्रार्थना कर, तो बदलेल’, ‘मुलांकडे बघ’ असे सल्ले देऊन बायकांना परत धाडलेले आपल्यातल्या अनेकींनी पाहिले आहे. (देवळात आणि मशिदीत शब्द बदलतात एवढेच.) गंमत अशी की कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा असे सांगत नाही. १९८३ च्या कॅनन लॉचे ११५३ वे कलम म्हणते की जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास रास्त कारण आहे, आणि उशीर करणे धोक्याचे असेल तर बाई बिशपच्या हुकमाची वाट न पाहता स्वतःच घर सोडू शकते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये तर काही वेळा वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकच असते असे लिहिले. हे कलम विवाहपूर्व शिबिरात प्रत्येक मुलीला सांगायला काय हरकत आहे?

सरकारी कायदाही ख्रिस्ती बाईला सोपा नव्हता. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बाईला व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा नांदवणे सोडल्याचा पुरावा द्यावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा भेद मोडला आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. हे वस्तीतल्या किती ख्रिस्ती बायकांना माहीत आहे? आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार स्वयंसेवी संस्थेला ‘सेवा पुरवणारी संस्था’ म्हणून नोंदणी करता येते, बाईची तक्रार ठरलेल्या नमुन्यात नोंदवून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवता येते. चर्चच्या सामाजिक संस्था यासाठी पुढे येऊ शकतात. रक्तदाब मोजण्याच्या शिबिराइतका खर्चही येणार नाही.

चर्चने धर्मापलीकडचा प्रश्न उचलल्याचे उदाहरण खाडीपलीकडेच आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात टँकरने उपसले जाणारे पाणी आणि बिल्डरांच्या घशात जाणारी जमीन हे प्रश्न घेतले. विहीर आटते तेव्हा हंडा कुणाच्या डोक्यावर येतो हे वेगळे सांगायला नको. तो लढा सगळ्या वसईचा होता म्हणूनच टिकला.

आपल्यातल्या काहीजणींना चर्चबरोबर काम म्हटले की धर्मांतराची शंका येते, काहींना पितृसत्तेची. पहिल्या शंकेवर पंडिता रमाबाईंचा इतिहास आठवावा. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे बायकांना बाई डॉक्टर हव्यात, असे सांगणाऱ्या रमाबाईंना बायकांची गरज नेमकी कळली होती. तरीही १८९३ मध्ये धर्माच्या वादावरून शारदा सदनातून पालकांनी मुली काढून नेल्या, आणि नुकसान झाले ते त्या मुलींचे. म्हणून अट आधीच, दारावर लिहून लावावी: इथे येण्यासाठी कुणाला प्रार्थना करावी लागणार नाही. दुसरी शंका खरीच आहे. धर्मग्राम परिषदेला कायद्याने फक्त सल्ल्याचा अधिकार आहे, शेवटचा शब्द फादरांचा. तेव्हा बायकांच्या उपक्रमाचा हिशेब आणि निर्णय बायकांच्या हाती राहील, हे कागदावर घ्यावे. चर्चमधल्या महिला मंडळातल्या बायकांना यात पुढे ठेवावे. चहा-नाश्त्याची जबाबदारी त्या वर्षानुवर्षे सांभाळत आल्या आहेत, आता हिशेबाची वही त्यांच्या हाती येऊ दे.

सुरुवात लहान करता येईल. बहुतेक हॉल सोमवार ते शुक्रवार दुपारी रिकामे असतात. आठवड्यातल्या दोन दुपारी, दोन ते पाच, एक किल्ली बायकांच्या गटाकडे. एका कोपऱ्यात मुलांसाठी सतरंजी, एका खोलीत दार लावून बोलता येईल अशा दोन खुर्च्या, महिन्यातून एकदा वकील. विजेच्या बिलातला आपला वाटा आपण भरू.